स्वभावाचे प्रकार आणि मनःस्वास्थ्याच्या पायऱ्या

१

स्वभावांचे वर्गीकरण आणि स्वभावांची प्रतवारी या दोन क्रिया वरवर पाहता एकाच कार्याचे दोन टप्पे वाटतात. वस्तुतः त्यांच्या मुळाशी असलेले प्रश्न भिन्न आहेत. वर्गीकरणात ‘हा मनुष्य कोणत्या प्रकारचा?’ असे विचारले जाते. प्रतवारीत ‘हा मनुष्य कितपत चांगल्या स्थितीत आहे?’ असे विचारले जाते. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात वर-खाली असे काही असण्याचे कारण नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र वर-खाली या कल्पनेवाचून देताच येत नाही. या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच कोष्टकात बसविता येतील काय, आणि बसविल्यास त्या कोष्टकाचा अर्थ काय होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार उपस्थित होण्याचे निमित्त एका अर्वाचीन पद्धतीने पुरविले आहे. ‘एनिअग्राम’ या नावाने प्रचलित असलेल्या वर्गीकरणात मनुष्यस्वभावाचे नऊ प्रकार मानले जातात. डॉन रिचर्ड रिसो या अमेरिकन लेखकाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘पर्सनॅलिटी टाइप्स’ या ग्रंथात आणि पुढे रस हडसन याच्या सहकार्याने लिहिलेल्या ग्रंथांत या प्रत्येक प्रकाराच्या पोटात नऊ पायऱ्या कल्पिल्या आहेत. त्यांपैकी वरच्या तीन निरोगी, मधल्या तीन सामान्य व खालच्या तीन अनारोग्याच्या होत. अशा रीतीने नऊ प्रकार व नऊ पायऱ्या मिळून एक्याऐंशी घरे तयार होतात आणि प्रत्येक मनुष्य त्यांपैकी कोणत्या तरी एका घरात सापडेल अशी अपेक्षा ठेवली जाते.

मराठी वाचकाला ही मांडणी सर्वस्वी अपरिचित वाटू नये. प्रकार आणि पायरी यांची सांगड घालणारे वाङ्मय मराठीत पूर्वीपासून आहे. आणि अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील राहाता, शिर्डी व साकोरी या एकमेकांस लागून असलेल्या गावांच्या परिसरात तर विसाव्या शतकात या सांगडीचे प्रत्यक्ष प्रयोग झाले व त्यांच्या लेखी नोंदीही उरल्या. म्हणून रिसोच्या कल्पनेची परीक्षा त्या नोंदींच्या साहाय्याने करणे उपयुक्त ठरेल.

२

प्रथम भाषेची साक्ष घेणे योग्य होईल. मराठीत भावना आणि स्वभाव यांच्यासाठी दोन वेगळ्या वाक्यरचना आहेत. ‘रामाला राग आला’, ‘सीतेला भीती वाटते’ या वाक्यांत मनुष्य चतुर्थीत असतो. भावना येते, वाटते, आणि निघूनही जाते. ‘राम रागीट आहे’, ‘सीता भित्री आहे’ या वाक्यांत मनुष्य प्रथमेत येतो आणि गुण त्याचे विशेषण होऊन बसतो. रागीट, तापट, भित्रा, लाजरा, रडका, भांडखोर अशा साधित विशेषणांची मराठीत मोठी रेलचेल आहे, आणि ती सर्व मनुष्याचा प्रकार सांगतात.

मनःस्वास्थ्यासंबंधी बोलताना मात्र मराठी माणूस या दोन्ही रचनांपासून काहीसा दूर जातो. तो म्हणतो की अमक्याचे चित्त थाऱ्यावर नाही, तमका आता भानावर आला, ताळ्यावर आला, रुळावर आला, सावरला. या प्रयोगांत एक नेहमीची जागा गृहीत धरलेली आहे. मनुष्य त्या जागेवरून सुटतो किंवा तिच्यावर परत येतो. ‘खचला’, ‘ढासळला’ या प्रयोगांत उंचीची कल्पना आहे खरी. पण तीही ज्याच्या त्याच्या पूर्वीच्या उभेपणाशी तुलना करणारी आहे. भिंत ढासळते ती शेजारच्या भिंतीच्या मानाने नव्हे. म्हणजे रूढ भाषेत मनःस्वास्थ्याची तुलना मुख्यत्वे त्याच मनुष्याच्या आधीच्या स्थितीशी केली जाते.

याउलट ‘पायरी’ हा शब्द मनुष्यास लावला की त्याचा अर्थ बदलतो. पायरी ओळखून वागणे, पायरी सोडणे, पायरीवर ठेवणे हे सर्व प्रयोग एका मनुष्याची दुसऱ्याशी तुलना करतात, आणि त्यांत अधिकाराची व मानाची भावना अभिप्रेत असते. तेव्हा मनःस्वास्थ्याच्या पायऱ्या असे म्हणताच, बोलणाऱ्याची इच्छा असो वा नसो, स्वतःशी करावयाच्या तुलनेचे रूपांतर इतरांशी करावयाच्या तुलनेत होते. वादाचे खरे मूळ येथे आहे.

मापनशास्त्राच्या परिभाषेतही हाच भेद सांगता येतो. एस. एस. स्टीव्हन्स याने १९४६ साली मापनाच्या चार श्रेणी मांडल्या. त्यांपैकी पहिली केवळ नावे देणारी व दुसरी क्रम लावणारी आहे. क्रम लावावयाचा तर सर्व वस्तूंना समान असा एक गुण असावा लागतो आणि त्या गुणाच्या आधारे कोणतीही दोन उदाहरणे शेजारी ठेवून अधिक-उणे ठरविता यावे लागते. स्वभावप्रकारांची यादी पहिल्या श्रेणीत मोडते. तिच्यावर क्रमश्रेणी चढविण्यापूर्वी तो समान गुण कोणता हे सांगण्याची जबाबदारी मांडणी करणाऱ्यावर येते.

३

प्राचीन ग्रंथांत ही जबाबदारी कशी पार पाडली आहे? चरकसंहितेच्या शारीरस्थानात मनाचे सोळा प्रकार दिले आहेत: सात सात्त्विक, सहा राजस व तीन तामस. ब्राह्म, आर्ष, ऐंद्र इत्यादींपासून पाशव, मात्स्य व वानस्पत्य यांपर्यंत ही यादी उतरत जाते. येथे प्रकार आणि प्रत एकत्र आहेत. परंतु उतरंड तीन गटांची आहे. सात सात्त्विक प्रकार एकाच शुद्ध अंशाखाली येतात. ऐंद्र मनुष्य वारुणापेक्षा इतक्या पायऱ्या निरोगी, असा हिशेब तेथे मांडलेला नाही.

भगवद्गीतेच्या चौदाव्या अध्यायातील गुणविचार, ज्यावर ज्ञानेश्वरांनी याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, मध्ये भाष्य केले, आणखी पुढे जातो. तेथे सत्त्व, रज व तम हे एकाच देहात एकमेकांवर मात करीत राहतात असे प्रतिपादन आहे. म्हणजे गुण ही मनुष्याची कायमची इयत्ता नसून त्या त्या वेळची सत्ता आहे.

सर्वांत उद्बोधक उदाहरण दासबोधाचे आहे. दुसऱ्या दशकात रामदासांनी मूर्खाची, उत्तम पुरुषाची, रज, तम व सत्त्व गुणांची, विरक्ताची आणि शेवटी पढतमूर्खाची लक्षणे दिली आहेत. पाचव्या दशकाच्या अखेरच्या चार समासांत बद्ध, मुमुक्षु, साधक व सिद्ध यांची लक्षणे येतात. पहिला समूह मुख्यत्वे प्रकारांचा, दुसरा स्पष्टपणे पायऱ्यांचा. हे दोन्ही समूह वेगवेगळ्या दशकांत ठेवलेले आहेत. मूर्खाच्या बद्ध, मुमुक्षु, साधक व सिद्ध अशा चार पायऱ्या आणि विरक्ताच्याही तशाच चार, असे कोष्टक रामदासांनी केले नाही. बद्ध ते सिद्ध हा एकाच मनुष्याच्या वाटचालीचा क्रम आहे. तो मनुष्याच्या कालच्या व आजच्या स्थितींना जोडतो.

पढतमूर्खाचा समास तर एकमापी प्रतवारीवरील मार्मिक टीकाच म्हणावी लागेल. हा मनुष्य बहुश्रुत आहे, व्युत्पन्न आहे, ब्रह्मज्ञानही बोलतो. ज्ञानाच्या मापाने तो वरच्या पायरीवर आहे. आचरणाच्या मापाने तो खाली आहे. या दोन मापांची सरासरी काढून रामदास त्याला मधल्या पायरीवर बसवीत नाहीत. त्याच्यासाठी स्वतंत्र नाव योजतात. एका मापात न बसणारी गोष्ट दिसली की नवे नाव द्यावे, अंक देऊ नये, हा त्यातून निघणारा शास्त्रीय बोध आहे. शिवाय श्रोत्याने ते अवगुण आपल्या ठायी शोधून सोडावेत हा त्या लक्षणकथनाचा उद्देश आहे. शेजाऱ्याला मोजण्यासाठी ती फूटपट्टी दिलेली नाही.

४

आता राहात्याकडे वळावयाचे. गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजेच हेमाडपंत, यांचा ‘श्रीसाईसच्चरित’ हा ओवीबद्ध ग्रंथ १९३० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पाचव्या अध्यायात जव्हार अली नावाच्या फकिराची कथा आहे. हा फकीर अहमदनगरहून शिष्यांसह राहात्यास आला व वीरभद्राच्या देवळाजवळ उतरला. कुराण मुखोद्गत आणि वाणी गोड असल्यामुळे गावातील पुष्कळ लोक त्याच्याकडे ओढले गेले. पुढे तेथील ईदगाहच्या बांधकामावरून तंटा झाला व तो शिर्डीस येऊन साईबाबांजवळ मशिदीत राहू लागला. बाबा आपले शिष्य आहेत असे तो सांगू लागला. बाबांनी त्यास विरोध केला नाही; इतकेच नव्हे, तर त्याच्यामागून ते राहात्यास जाऊन राहिले व त्याची सेवाचाकरी करू लागले. अखेर शिर्डीचे भक्त त्यांना परत आणण्यासाठी राहात्यास गेले.

या कथेतील दोन गोष्टी प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, भक्त भेटताच बाबांनी त्यांना फकिराच्या रागीटपणाची कल्पना देऊन तो येण्यापूर्वी निघून जाण्याची सूचना केली. येथे स्वभावाचा प्रकार सांगितला आहे तो व्यवहारापुरता: अमुक माणूस रागीट आहे, तेव्हा जपून असा. त्यात त्या मनुष्याची योग्यता ठरविण्याचा हेतू दिसत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. राहात्यातील त्या दिवसांत एखाद्या त्रयस्थाने दोघांची पायरी ठरविली असती, तर विद्वान, मधुरभाषी व शिष्यपरिवाराने वेढलेला गुरू वर आणि पाणी भरणारा सेवक खाली, असाच निर्णय झाला असता. शिर्डीतही बाबांना आरंभी वेडा फकीर समजत असत. वाचकाला याच्या उलट निर्णय करता येतो, कारण कोण श्रेष्ठ हे ग्रंथकाराने आधीच सांगून ठेवले आहे. म्हणजे पायरी आचरणावरून निघत नाही. आचरणाचा अर्थच पायरीवरून लावला जातो.

चरित्रग्रंथात हे दूषण होत नाही, कारण श्रद्धेचे वाङ्मय निष्कर्षापासूनच आरंभ करते. मानसशास्त्रीय प्रतवारीत मात्र हेच दूषण घातक ठरते. तेथेही एकदा मनुष्याला सातव्या पायरीवर बसविले की त्याचे मौन ‘तुटलेपण’ ठरते. दुसऱ्या पायरीवर बसविलेल्याचे तेच मौन ‘शांतता’ ठरते. कथेच्या शेवटी जव्हार अली देवीदास नावाच्या साधूशी झालेल्या वादात पराभूत होऊन निघून जातो आणि काही वर्षांनी परत येऊन बाबांना वंदन करतो. त्याच्यातील हा बदल त्याच्याच पूर्वस्थितीशी ताडून कळतो. त्यासाठी कोष्टकाची गरज लागत नाही.

५

शिर्डी व साकोरी यांच्या परंपरेतूनच प्रकार आणि पायरी यांची सर्वांत तपशीलवार मांडणी पुढे आली. उपासनी महाराज शिर्डीच्या खंडोबाच्या देवळात राहत असताना त्यांचे वर्तन अनेकांना विक्षिप्त वाटत असे. पुढे ते साकोरीस स्थायिक झाले. पुण्यात १८९४ साली जन्मलेले मेहेरबाबा तरुणपणी बाबाजान यांच्या सहवासानंतर देहभान हरपल्याच्या अवस्थेत होते आणि घरच्या मंडळींनी त्यावर औषधोपचार केले, असे त्यांच्या चरित्रांत नोंदविले आहे. १९२१ साली ते साकोरीस उपासनी महाराजांकडे येऊन काही महिने राहिले. घरी जी अवस्था आजार ठरली, तिलाच साकोरीस साधनेचा टप्पा मानले गेले. एकाच अवस्थेला दोन ठिकाणी दोन नावे मिळतात हे येथे ठळकपणे दिसते.

याच मेहेरबाबांनी १९३६ साली शेजारच्या राहुरी येथे वेड्यांसाठी आश्रम काढला. पुढील वर्षांत त्यांनी हिंदुस्थानभर फिरून ‘मस्त’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, ईश्वराच्या ध्यासाने देहभान गमावलेल्या मानल्या गेलेल्या व्यक्तींच्या भेटी घेतल्या. या कार्याचा वृत्तांत विल्यम डाँकिन या इंग्रज वैद्याने ‘द वेफेअरर्स’ या ग्रंथात लिहिला व तो १९४८ साली अहमदनगर येथून प्रसिद्ध झाला. ग्रंथाची भाषा इंग्रजी असली तरी त्याची भूमी काही अंशी याच परिसरातील आहे.

डाँकिनच्या नोंदींची रचना लक्षणीय आहे. मस्तांचे स्वभावाने दोन मुख्य प्रकार सांगितले आहेत: तापट, शिवराळ, कधी अंगावर धावून जाणारे ते जलाली, सौम्य व शांत ते जमाली. यावेगळी अशी चेतनेच्या भूमिकांची उतरंड आहे, आणि तिच्या अनुरोधाने मस्त उच्च, अत्युच्च इत्यादी ठरविले आहेत. येथे एका गोष्टीचे श्रेय दिलेच पाहिजे. प्रकार आणि पायरी हे दोन अक्ष या मांडणीत परस्परांपासून स्वतंत्र ठेवले आहेत. जलाली मनुष्य जलाली आहे म्हणून खालचा ठरत नाही. शिवीगाळ करणारा वरच्या भूमिकेवर असू शकतो आणि शांत बसणारा सामान्य असू शकतो. सौम्यपणालाच स्वास्थ्य समजण्याची जी चूक सभ्य समाजात सर्रास होते, ती येथे टळली आहे.

परंतु दोन अक्षांची ज्ञानसाधने सारखी नाहीत. जलाली की जमाली हे पाहणाऱ्या कोणासही सांगता येते. शोध घेणारे अनुयायी, गावकरी आणि डाँकिन यांचे त्याबाबत एकमत होऊ शकते. भूमिका मात्र एकाच व्यक्तीच्या निर्णयाने ठरते, आणि १० जुलै १९२५ पासून मौन पाळणाऱ्या त्या व्यक्तीने तो अक्षरफलकावरून किंवा खुणांनी कळविलेला असतो. मस्त आणि केवळ वेडा यांतील सीमाही अखेर तेथेच ठरते. अनुयायाच्या दृष्टीने यात विसंगती काहीच नाही. परंतु जी क्रमश्रेणी दुसऱ्या निरीक्षकाला स्वतंत्रपणे वापरता येत नाही, ती साक्ष असू शकते. मापन असू शकत नाही. डाँकिनच्या ग्रंथातील कोण काय खात असे, कोठे बसत असे, कोणाला स्नान घालता येई व कोणाला नाही, हे वर्णन आजही वाचकाला उपयोगी वाटते. पायरीचा उल्लेख मात्र विश्वास असल्यासच स्वीकारता येतो.

६

या पार्श्वभूमीवर रिसोच्या नऊ पायऱ्या पाहिल्या म्हणजे त्यांचे बळ व दौर्बल्य दोन्ही उघड होतात. बळ असे की, प्रकाराचे नुसते नाव अपुरे असते हे त्याने ओळखले. दुसऱ्यास मदत करण्याची वृत्ती एका मनुष्यात निरपेक्ष वात्सल्याचे रूप घेते, तर दुसऱ्यात उपकारांच्या ओझ्याने माणसे बांधून ठेवण्याचे. दोघांना एकच नाव देऊन थांबणारे वर्गीकरण निरुपयोगी होय. मनुष्य या पायऱ्यांवर वर-खाली होत राहतो, हेही त्याने मान्य केले आहे.

दौर्बल्य दोन प्रकारचे आहे. एक, सर्वांत वरच्या पायरीचे वर्णन प्रकाराच्या बंधनातून सुटका असे केलेले आहे. म्हणजे वर जावे तसा प्रकार विरत जातो. तसे असेल तर पायरी हा प्रकाराहून स्वतंत्र अक्ष उरत नाही. तो प्रकाराच्या पकडीचेच दुसरे नाव होतो, आणि एक्याऐंशी घरांपैकी वरच्या रांगेतील नऊ घरांना वेगळेपणाने अर्थ राहत नाही. डाँकिनच्या मांडणीत जे अक्ष वेगळे होते ते येथे मिसळले आहेत. दोन, प्रत्येक पायरीला समान मथळा दिला असला तरी तिचा पुरावा प्रकारागणिक बदलतो. एका प्रकाराच्या खालच्या पायरीवर इतरांचा विध्वंस आहे, दुसऱ्याच्या त्याच पायरीवर स्वतःला विसरून बधिर होणे आहे. विध्वंसक मनुष्य आणि बधिर झालेला मनुष्य समान अंशी अस्वस्थ आहेत, हे कोणत्या मापाने ठरविले? इतरांना होणारा उपद्रव मोजला तर पहिला खाली जाईल; स्वतःचा ऱ्हास मोजला तर कदाचित दुसरा. मापाविना दिलेला समान अंक केवळ छपाईतील समानता ठरतो.

यावर असा आक्षेप येईल की, ही टीका मान्य केल्यास गंभीर आजारी व किंचित त्रस्त यांतील भेदही सांगता येणार नाही आणि ज्याला तातडीने साहाय्य हवे तो मागे राहील. आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर वैद्यकानेच शोधलेले दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या व २०२२ च्या आरंभापासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत व्यक्तिमत्त्वविकारांची पूर्वीची बहुतेक सर्व प्रकारनामे बाजूस सारण्यात आली. प्रथम सौम्य, मध्यम व तीव्र अशी विकाराची तीव्रता ठरवावयाची. स्वभावाचे विशेष हवे असल्यास नंतर, वेगळे नोंदवावयाचे. तीव्रता ठरविण्याची कसोटी सर्वांना समान आहे: स्वतःविषयीचे भान, इतरांशी असलेले संबंध आणि नित्यव्यवहारात दीर्घकाळ येणारी अडचण. येथे पायऱ्या आहेत, पण त्या अडचणीच्या आहेत. अडचण नसलेल्या दोन माणसांपैकी अधिक निरोगी कोण, हा प्रश्न या पद्धतीत विचारलाच जात नाही. आजाराची तीव्रता क्रमाने लावता येते याचा अर्थ स्वास्थ्याचीही तशीच शिडी असते, असा होत नाही.

७

हा केवळ परिभाषेचा वाद नाही. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मानसिक आजाराचा निर्णय मान्य वैद्यकीय निकषांवरच व्हावा असे ठरविले. समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक किंवा धार्मिक मूल्यांशी न जुळणे हा त्याचा आधार होऊ नये, असेही स्पष्ट केले. एखाद्या मनुष्याचा निर्णय इतरांना अयोग्य वाटला, एवढ्यावरून त्याच्याकडे निर्णयक्षमता नाही असे मानता येत नाही, हे तत्त्वही त्यात आहे. म्हणजे कायदा विशिष्ट निर्णयापुरती क्षमता पाहतो. मनुष्याची एकंदर पायरी तो विचारीत नाही. ज्याला खालच्या पायरीचा म्हटले त्याची तक्रार ‘लक्षण’ म्हणून वाचली जाते आणि त्याची साक्ष हलकी होते. हा धोका रुग्णालयात जितका आहे तितकाच नोकरीच्या मुलाखतीत, विवाहाच्या बोलणीत आणि अध्यापकाच्या खोलीतही आहे.

तेव्हा स्वभावप्रकारांत मनःस्वास्थ्याच्या पायऱ्या लावता येतात काय, या प्रश्नाचे उत्तर तीन अटींवर होकारार्थी देता येईल. पायरी अवस्थेला लावावी, मनुष्याला लावू नये. तिची कसोटी प्रकाराहून स्वतंत्र असावी व दुसऱ्या निरीक्षकाला तपासता यावी. आणि तुलना प्रथम त्याच मनुष्याच्या पूर्वस्थितीशी करावी. या अटी पाळल्या की जे उरते ते एक्याऐंशी घरांच्या कोष्टकापेक्षा पुष्कळ साधे असते, आणि ते मराठी बोलीने आधीच सांगून ठेवले आहे: अमका आपल्या थाऱ्यावर आहे काय, नसल्यास तो केव्हापासून सुटला, आणि परत येण्यास त्याला काय लागेल. अमका तमक्यापेक्षा कितव्या पायरीवर, या प्रश्नाचे उत्तर या तिन्ही प्रश्नांपैकी एकालाही उपयोगी पडत नाही.